कविता लिहायला शिकायचीय? विंदांकडे या!

दोडामार्गातल्या लिहित्या पोरांनो, कवितेचे गुरू शोधायला पुण्या-मुंबईकडे कशाला बघता? गोविंद विनायक ऊर्फ विंदा करंदीकर आपल्याच सिंधुदुर्गातले. जन्म २३ ऑगस्ट १९१८, देवगड तालुका. पोटापाण्याला मुंबईच्या कॉलेजांत इंग्रजीचे प्राध्यापक. २०१० साली ते गेले, पण त्यांची शिकवणी अजून चालू आहे. अ‍ॅरिस्टॉटलचं काव्यशास्त्र त्यांनी मराठीत आणलं, गटेचा 'फाउस्ट' आणला, शेक्सपिअरचा 'राजा लिअर'सुद्धा. इतकं करून स्वतःचे प्रयोग वेगळेच! सुनीताची, म्हणजे चौदा ओळींच्या कवितेची, चौकट मोडून मुक्त सुनीतं लिहिली, अभंगाला 'आततायी' केलं, तालचित्रं रचली. आणि त्याच हातांनी मुलांसाठी 'राणीची बाग'. माझ्या मते त्यांची बालकविता अजून पुरेशी गंभीरपणे वाचलीच गेलेली नाही. मंगेश पाडगावकर आणि वसंत बापट या कवींबरोबर गावोगाव काव्यवाचनं केली, म्हणजे कविता मोठ्यानं म्हणायलाही शिकवलं. त्यांना २००३चं ज्ञानपीठही मिळालं.

त्यांच्या कवितासंग्रहांची सुरुवात 'स्वेदगंगा'पासून नको, 'मृद्गंध' घ्या. वाचनालयात नसेल तर मागणी नोंदवा.