नवें पुस्तक कसें सांपडतें ?

(आकाशवाणीवरील भाषण)

“आतां वाचण्यासारखें कांहीं उरलें नाहीं,” अशी तक्रार सुशिक्षित घरांतून वारंवार ऐकूं येते. तक्रार करणारा मनुष्य आळशी नसतो. उलट त्यानें एका प्रकारचीं पुस्तकें भरपूर वाचलेलीं असतात. ऐतिहासिक कादंबऱ्यांचा वाचक कादंबऱ्यांच्याच कपाटापाशीं जातो, ओळखीचीं नांवें पाहतो आणि रिकाम्या हातानें परततो. उणीव असते ती पुस्तकांची नव्हे, वाटेची. एका पुस्तकाकडून निराळ्या प्रकारच्या दुसऱ्या पुस्तकाकडे नेणाऱ्या वाटा कोणत्या, याचा आज थोडा विचार करूं.

पहिली वाट ग्रंथालयाच्या मांडणीची. मद्रासला गणिताचे अध्यापक असलेले शि. रा. रंगनाथन हे १९२४ सालीं ग्रंथपाल झाले आणि १९३१ सालीं त्यांनीं ग्रंथालयशास्त्राचे पांच नियम प्रसिद्ध केले. प्रत्येक वाचकाला त्याचें पुस्तक मिळालें पाहिजे, हा त्यांतील दुसरा नियम. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, हा तिसरा. दोन्ही एकच वाटतात, पण तसें नाहीं. दुसऱ्या नियमांत वाचक मागणी करतो. तिसऱ्यांत पुस्तक मुकाट्यानें वाट पाहत असतें, आणि ज्याला त्याचें नांवहि ठाऊक नाहीं अशा माणसापर्यंत तें पोंचवावयाचें असतें. म्हणूनच वाचकाला थेट कपाटापर्यंत जाऊं द्यावें, असा रंगनाथनांचा आग्रह होता.

कपाटांतील पुस्तकांच्या पाठीवर जे आंकडे चिकटविलेले असतात, ते नुसते हिशेबाचे नसतात. अमेरिकेंतील मेल्व्हिल ड्यूई यांनीं १८७६ सालीं सर्व ज्ञानाचे दहा वर्ग पाडले. ५०० पासून विज्ञान, ८०० पासून साहित्य, ९०० पासून इतिहास, भूगोल व चरित्र, असा तो क्रम आहे; मराठी साहित्याचा आंकडा ८९१.४६. या पद्धतीनें एका विषयाचीं पुस्तकें शेजारीं शेजारीं येतात. तेव्हां हवें तें पुस्तक हातीं आलें कीं लगेच वळूं नये. त्याच्या डावीकडचीं पांच व उजवीकडचीं पांच पुस्तकें चाळून पाहावीं. जेथें कपाटें बंद असतात, तेथें लेखकांच्या यादीऐवजीं विषयवार यादी मागून घ्यावी.

परंतु या मांडणीला एक मर्यादा आहे. विषय एकत्र येतात, पण एकाच लेखकाचीं निरनिराळ्या विषयांवरील पुस्तकें दूर दूर जाऊन पडतात. ती तूट दुसरी वाट भरून काढते, आणि ती वाट पुस्तकाच्या आंतच असते. मुखपृष्ठावरील नांवाखेरीज संपादकाचें नांव, प्रस्तावना आणि लेखकाच्या इतर ग्रंथांची यादी, यांकडे आपण सहसा पाहत नाहीं. तें पाहिलें तर काय घडतें, याचें एक उदाहरण घेऊं.

रणजित देसाई यांची ‘स्वामी’ ही १९६२ सालची कादंबरी पुष्कळांनीं वाचलेली आहे. पेशवाईच्या त्या गोडीनें वाचक पुढें सरकला, तर त्याला विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ भेटतो. ही कादंबरी नव्हे. द्रव्यार्जनासाठीं वरसईहून उत्तरेकडे निघालेला एक भिक्षुक १८५७ च्या धामधुमींत सांपडतो आणि झांशीचा वेढा आंतून पाहतो, त्याची ही हकीकत आहे. हें पुस्तक १९०७ सालीं प्रसिद्ध करणारे संपादक म्हणजे चिंतामण विनायक वैद्य. याच वैद्यांनीं महाभारतावर ‘उपसंहार’ हा विचक्षण ग्रंथ लिहिला. तेथून इरावती कर्वे यांचें १९६७ सालचें ‘युगान्त’ कितीसें दूर आहे ? ‘युगान्त’ वाचणाऱ्याला दुर्गा भागवत यांचें ‘व्यासपर्व’ खुणावतें. आणि त्याच लेखणीनें १९५६ सालीं ‘ऋतुचक्र’ लिहून बारा महिन्यांतील सृष्टीचें दर्शन घडविलें आहे. एकदां झाडांपाखरांची ओढ लागली, कीं वनखात्यांत आयुष्य वेंचलेले मारुती चितमपल्ली आपल्याला अरण्यांत घेऊन जातात. शनिवारवाड्यांतून निघालेला वाचक पांचसहा पुस्तकांत रानापर्यंत येऊन पोंचला, आणि वाटेंत प्रवासवर्णन, चिकित्सा, व्यक्तिचित्रण व ललित निबंध हे चार मुलूख त्यानें पाहिले. त्याला कोणीं ढकललें नाहीं. प्रत्येक पाऊल आधींच्या गोडीवरच पडलें.

तिसरी वाट संदर्भग्रंथांची. मराठी विश्वकोशांतील पुष्कळ नोंदींच्या शेवटीं संदर्भांची यादी असते. धूमकेतु असो, कीं दशावतारी नाटक असो, कुतूहल जागें होतांच ती नोंद वाचावी व शेवटच्या यादींतील एक तरी नांव टिपून ठेवावें. शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’च्या पहिल्या भागांत तर १८०० ते १९३७ पर्यंतचे मराठी ग्रंथ विषयवार लावलेले आहेत. आपल्या भाषेंत केवढा संसार मांडलेला आहे, हें ती सूची अर्धा तास चाळल्यानें कळतें.

आजकाल हातांतील फोनहि पुस्तकें सुचवितो. त्याला तुच्छ लेखण्याचें कारण नाहीं. मात्र अशी शिफारस बहुधा आपण पूर्वीं घेतलेल्या पुस्तकांवरून केलेली असते. चार कादंबऱ्या वाचणाऱ्यास ती पांचवी दाखविते. ओळखीच्या अंगणांत फिरण्यास ती सोयीची. कुंपणापलीकडे जावयाचें तर आपल्यालाच पाय उचलावा लागतो.

हा प्रश्न केवळ आपल्या करमणुकीचा नाहीं. जें पुस्तक वर्षानुवर्षे कोणी नेत नाहीं, त्यावर जागेच्या अडचणीमुळें कपाटांतून बाद होण्याची पाळी येते. आणि ज्याला मागणी नाहीं, त्याची दुसरी आवृत्ति काढण्यास प्रकाशक धजत नाहीं. चांगलें पुस्तक असें हळूहळू, कोणाच्याहि नकळत नाहींसें होतें. तेव्हां दर महिन्यास चार पुस्तकें घरीं येत असतील, तर त्यांतील एक तरी आपल्या नेहमींच्या प्रकाराबाहेरचें असावें, आणि घरांतील प्रत्येकानें तें पाळीपाळीनें निवडावें. पन्नास पानें वाचून तें रुचलें नाहीं, तर खुशाल परत करावें. रुचलें, तर आपल्याला पुस्तक मिळालें आणि त्या पुस्तकालाहि वाचक मिळाला.