लाडबोरीत पडलेली रिंग

2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास विदर्भापासून गुजरात-मध्य प्रदेशापर्यंत लोक अंगणात येऊन आकाशाकडे पाहू लागले. जळत्या तुकड्यांची एक रांग आकाशातून सरकत होती. कुणी म्हणालं उल्का, कुणी म्हणालं विमान पेटलं. त्याच रात्री विदर्भातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, धातूची एक भलीमोठी रिंग सापडली. व्यास सुमारे 10 फूट, वजन 40 किलोच्या आसपास. त्याच तालुक्यातल्या पवनपार गावात धातूचा गोळा मिळाला. पुढे इस्रोच्या शास्त्रज्ञांनीही येऊन पाहणी केली.

अवकाशातल्या वस्तूंचा माग ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांच्या मते हे अवशेष चीनच्या ‘चांग झेंग 3बी’ रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचे होते. ते रॉकेट उडालं होतं फेब्रुवारी 2021 मध्ये. मग हा टप्पा जवळपास चौदा महिने वर राहिला कसा?

वर गुरुत्वाकर्षण नसतं, हा समज पक्का रुजलेला आहे आणि तो साफ चुकीचा आहे. 400 किलोमीटर उंचीवरही पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या जवळपास नऊ दशांश असते. वस्तू वर टिकते ती आडव्या वेगामुळे. धानाच्या बांधीत गोफणीतून सुटलेला दगड थोडा पुढे जाऊन पडतो. वेग वाढवला तर आणखी लांब पडतो. हाच वेग सेकंदाला सुमारे 8 किलोमीटर झाला आणि वाटेत हवा नसली, तर दगड सेकंदाला 5 मीटर खाली येतो खरा, पण तेवढ्या अंतरात पृथ्वीची गोलाईही 5 मीटरच खाली वळलेली असते. दगड पडतच राहतो, जमीन मात्र गाठत नाही. कक्षा म्हणतात ती हीच.

उंच कक्षेत उपग्रह सोडणाऱ्या मोहिमांमध्ये रॉकेटचा तिसरा टप्पा लांबट कक्षेत मागे राहतो. एक टोक पृथ्वीपासून साधारण 200 किलोमीटरवर, दुसरं 36 हजार किलोमीटरवर. दूरच्या टोकाला वेग सेकंदाला दीड-दोन किलोमीटर, जवळच्या टोकाला 10 किलोमीटर.

खरी मेख जवळच्या टोकाला आहे. तिथली हवा अतिविरळ, पण दर फेरीला ती थोडी ऊर्जा काढून घेते. त्यामुळे पुढच्या फेरीत दूरचं टोक खाली येतं. महिनोन् महिने कक्षा अशी आक्रसत जाते आणि शेवटी दाट हवेत शिरून वस्तू पेटते. बहुतेक भाग वितळून नष्ट होतो. आकाराच्या मानाने हलके, उष्णतेला दाद न देणारे भाग तेवढे उरतात. उच्च दाबाचा वायू साठवणाऱ्या गोल टाक्या त्यातल्याच.

अशी वस्तू शिवारात आढळली तर हात लावू नका, भंगार म्हणून घरी नेऊ नका. टाकीत विषारी इंधनाचा अंश असू शकतो. मुलांना लांब ठेवा आणि आधी पोलिसांना कळवा.