वाळवंटातील सोने ओळखताना

कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅलीत, जेथे वर्षाकाठी सरासरी जेमतेम दोन इंच पाऊस पडतो, तेथे २०१६ च्या वसंतारंभी मैलोगणती भूमी पिवळ्याजर्द फुलांनी झाकली गेली. अशा वेळी दृष्टीस पडेल त्या प्रत्येक पिवळ्या फुलाला ‘डेझर्ट गोल्ड’ म्हणून प्रेक्षक मोकळा होतो. परंतु ते नाव गेरेआ कॅनेसेन्स या सूर्यफूलकुळातील देशज वनस्पतीचे आहे आणि तिची ओळख केवळ रंगावरून पटत नाही.

तिच्याशी सर्वाधिक गल्लत होते ती ब्रिटलबुशची. दोहोंची फुले दुरून सारखीच भासतात. मात्र ब्रिटलबुश हे बुंध्याशी लाकूड धरणारे, वर्षानुवर्षे जगणारे गोलसर झुडूप असून त्याची रुपेरी पाने खाली दाटतात आणि फुले लांब, पर्णहीन दांड्यांवर उंच डोलतात. गेरेआ हे एका हंगामात संपणारे कोवळे रोप. त्याची करड्या-हिरव्या रंगाची, बहुधा दातेरी पाने व खोड केसाळ असते. खातरजमा हवी असल्यास पक्व फळ पाहावे: चपटे, काळे आणि कडांना शुभ्र केसांची झालर असलेले. वार्धक्यसूचक ग्रीक शब्दावरून पडलेल्या तिच्या ‘गेरेआ’ या वंशनामाचे कारण ते पांढरे केसच होत.

अशा रोपांना लावल्या जाणाऱ्या ‘वर्षायू’ या संज्ञेचा अर्थ दरवर्षी फुलणारी असा घेण्याचाही प्रघात आहे, आणि तो चुकीचा आहे. एका हंगामात आयुष्यक्रम पुरा करणारी, एवढाच तिचा अर्थ. बी मात्र मातीत अनेक वर्षे पडून राहू शकते. कित्येक वाळवंटी वर्षायूंच्या बियांत अंकुरणास रोखणारी द्रव्ये असतात. पुरेशा पावसाने ती धुऊन गेल्याखेरीज बी रुजत नाही, सबब एखादी हलकी सर व्यर्थ जाते. २०१६ च्या बहरामागे ऑक्टोबर २०१५ ची अतिवृष्टी होती.

वाळवंटात आपोआप उगवले ते सारे देशजच, हा समज मला सर्वांत घातक वाटतो. सहारा मोहरीही वर्षायूच आणि तिचीही फुले पिवळी, परंतु ती परदेशातून आलेली. तिने दक्षिण कॅलिफोर्नियातील बोरेगो खोऱ्यात गेरेआच्या जागा बळकावल्या आहेत. तिच्या फुलाला पाकळ्या चारच. गेरेआचे ‘फूल’ मात्र अनेक सूक्ष्म पुष्पांचे स्तबक असून त्याच्या कडेला दहा-वीस सोनेरी किरणदले असतात. तेव्हा पाकळ्या मोजाव्यात, वाकून पाने न्याहाळावीत, पण फूल खुडू नये. राष्ट्रीय उद्यानात ते निषिद्ध आहे, आणि खुडलेल्या फुलाचे बी मातीत पडत नाही.