कुत्र्याची भाकरी नुसती टाकू नका, तिच्यातूनच हाक ऐकायला शिकवा

शिर्डी : राहाता तालुक्यात वस्ती तिथं कुत्रं, हे ठरलेलंच. दूध-भाकरी कुस्करून ताटलीत ओतली की दोन मिनिटांत ताटली साफ. मग दिवसभर कुत्रं साखळीला, नाहीतर उसाच्या बांधावर. तीच भाकरी जरा वेगळ्या पद्धतीने दिली, तर कुत्रं हाकेला येतं आणि कमी भुंकतं. जास्तीचा खर्चही नाही.

याची गरज का?

आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यात, वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा एकट्या पाळीव कुत्र्यांचा होता. शेळ्या-वासरांपेक्षाही जास्त! म्हणजे दिवेलागणीला उसाच्या कडेला फिरणारं कुत्रं हे बिबट्याचं सोपं भक्ष्य. अंधार पडायच्या आत हाकेसरशी घरी येणं, ही त्याच्या जिवाची गोष्ट आहे.

हाकेला यायला असं शिकवा

१. संध्याकाळच्या भाकरीचे बोटाच्या पेराएवढे २०-२५ तुकडे करा. कुत्रं भुकेलं असतानाच शिकवा.
२. दोन पावलांवरून नाव घ्या. आलं की लगेच तुकडा द्या. उशीर झाला तर तुकडा कशाबद्दल मिळाला हे त्याला कळत नाही.
३. चार-पाच दिवसांनी अंतर वाढवा : आधी अंगण, मग गोठा, मग बांध.
४. हाक एकच ठेवा. घरातल्या सगळ्यांनी तीच वापरावी.
५. आल्यावर कधीच मारू नका, उशिरा आलं तरी. एकदा मार बसला की पुढच्या वेळी ते येणार नाही.

शेवटचा मोठा घास रोज खुराड्यात किंवा पडवीतच द्या. म्हणजे रात्री बंद व्हायला ते स्वतःहून येईल. मात्र खुराडं जाळीचं, मजबूत आणि दार लागणारं हवं. आणि अंधारात कुत्रं शोधायला एकट्याने उसात जाऊ नका.

बांधलेल्या कुत्र्याला काम द्या

साखळीला कंटाळलेलं कुत्रं भुंकतं, चिडतं, कधी चावतंही. सकाळची कोरडी भाकरी जुन्या गोणपाटाच्या घडीत लपवा, किंवा तुकडे अंगणात पसरून टाका. नाकाने हुंगून शोधण्यात त्याचा अर्धा तास जातो आणि ते शांत होतं. दोन कुत्री असतील तर लांब-लांब द्या, नाहीतर भांडणं. गोणपाट चावून गिळत असेल तर हा खेळ बंद करा.

हे लक्षात ठेवा

तुकडे रोजच्या वाट्यातलेच हवेत. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी आहेत. शिजवलेली हाडं घशात-पोटात टोचतात. कुत्रं खात असताना पोरांना ताटलीजवळ जाऊ देऊ नका.

रेबीजची लस दरवर्षी टोचून घ्याच. कुत्रं चावलंच तर जखम वाहत्या पाण्यात साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. हळद-चुना लावत बसू नका.