उजवीकडे कललेलं गाणं

सकाळच्या लोकलमध्ये डोंबिवलीला चढताना हेडफोनची वायर कुणाच्या तरी बॅगेच्या पट्ट्यात अडकते, खिशात पिनेपाशी दुमडते. मग एक दिवस कोपर ते दिव्याच्या दरम्यान गाणं उजवीकडे कलतं. डावी बाजू बंद पडलेली नसते, फक्त क्षीण झालेली असते. आपण आवाज वाढवतो आणि त्याचा मारा चांगल्या बाजूच्या कानावर होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास चालतो. 90 डेसिबलला ती मुभा 4 तासांवर येते. म्हणून ही दुरुस्ती मला किरकोळ वाटत नाही.

आधी हेडफोन उलटा घालून पाहावा, डावा उजव्या कानात. क्षीणपणा हेडफोनबरोबर दुसऱ्या कानात गेला, तर दोष यंत्राचा. त्याच कानात राहिला, तर कानाचा. तिथे मळही असू शकतो. पण एका कानाचं ऐकणं अचानक कमी झालं असेल, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठावा. या त्रासात उपचाराला उशीर परवडत नाही.

यंत्राचा दोष असेल तर दुसऱ्या फोनला लावून बघावं. तिथे आवाज सारखा आला, तर आपल्या फोनच्या सेटिंगमध्ये, ॲक्सेसिबिलिटीत, डाव्या-उजव्या आवाजाची पट्टी असते. ती नकळत सरकलेली सापडते. पिनेच्या भोकात खिशातला कापूसही साचतो. कानात बसणाऱ्या इअरफोनची जाळी मळाने अर्धी बुजली, तरी आवाज असाच उतरतो. जाळी जमिनीकडे धरून कोरड्या मऊ ब्रशने झाडावी, म्हणजे मळ आत जात नाही. सुई मात्र लावू नये, आतला पडदा फाटतो.

एवढं करूनही फरक राहिला, तर बहुधा वायर. 3.5 मिलिमीटरच्या पिनेचं टोक डाव्या बाजूचं, त्यामागचं कडं उजव्या बाजूचं. माइकवाल्या बहुतेक पिनांत त्यामागचं कडं दोन्ही बाजूंची सामाईक तार. मल्टिमीटरने सामाईक कडं आणि टोक, मग सामाईक कडं आणि उजवं कडं मोजावं. साध्या इअरफोनमध्ये दोन्हीकडे साधारण 16 किंवा 32 ओहम येतात. एका बाजूचा आकडा बराच जास्त असेल, वायर हलवताच नाचत असेल, तर आतले धागे अर्धवट तुटलेत. सामाईक तार तुटली की होतं ते मला विलक्षण वाटतं: गायिकेचा आवाज नाहीसा होतो, मागची वाद्यं पोकळ ऐकू येत राहतात. दोन्ही स्पीकर एकामागोमाग जोडले जाऊन त्यांना डाव्या-उजव्यातला फरक तेवढाच मिळतो, आणि गाणारा आवाज सहसा दोन्हीकडे सारखाच भरलेला असतो.

तुटण्याची जागा बहुतेकदा पिनेलगतच. तेवढा तुकडा कापून नवी पिन सोल्डर करायची. लाल तार साधारणपणे उजवी, हिरवी किंवा निळी डावी, तांबूस सामाईक. तरी मीटरने खात्री करावी. या तारांवर वार्निशचा थर असतो. तो सोल्डरच्या गरम थेंबात जळेपर्यंत धरला नाही, तर जोड वरून चकचकीत दिसतो आणि आत विद्युत पोहोचत नाही. कल्याण किंवा ठाणे स्टेशनजवळच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ‘फक्त पिन बदलायची आहे’ असं सांगावं आणि दोन्ही बाजू तिथेच ऐकून घ्याव्यात.

वायर नसलेल्या जोडीत प्रत्येक बाजूला स्वतःची बॅटरी असते. फोनवर बोलायला कायम एकच बाजू वापरली, तर तिची बॅटरी आधी थकते. आधी जाळी साफ करावी, मग जोडी फोनमधून काढून पुन्हा जोडावी. रबरी बोंडं दोन्हीकडे सारखी घट्ट बसतात का, हेही पाहावं. सैल बोंडातून खर्ज निसटतो आणि ती बाजू उगाच दुबळी वाटते.