मोटारीच्या पाठीवरची छोटी पट्टी

काही मोटारींच्या मागच्या टोकाशी वर वळलेली कड किंवा आडवी पट्टी तुम्ही पाहिली असेल. तिला ‘स्पॉयलर’ म्हणतात. ती शोभेची वस्तू आहे असे अनेकांना वाटते. काहींना वाटते की तिच्यामुळे मोटार जास्त पळते. तिचे मुख्य काम मात्र वेगळेच आहे. भरधाव मोटारीची चाके रस्त्याला घट्ट टेकलेली ठेवणे, हे ते काम!

एक सोपा प्रयोग करा. कागदाच्या अरुंद पट्टीचे एक टोक खालच्या ओठाशी धरा. दुसरे टोक खाली लोंबेल. आता पट्टीच्या वरून जोराने फुंकर घाला. लोंबणारे टोक वर उचलले जाईल. बाकदार पृष्ठभागाला बिलगून हवा वळते, तेव्हा तेथील दाब कमी होतो. मग खालच्या हवेचा जास्त दाब पट्टीला वर ढकलतो.

मोटारीचे छप्पर आणि मागचा उतारही असाच बाकदार असतो. म्हणून धावत्या मोटारीलाही हवा थोडी वर उचलते. हे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, ताशी ६० किलोमीटर वेगाला ते १०० न्यूटन आहे. वेग तिप्पट, म्हणजे ताशी १८० किलोमीटर झाला, की बल नऊपट, म्हणजे ९०० न्यूटन होईल. जणू चाकांवरचा सुमारे ९२ किलोग्रॅमचा भार कुणी काढून घेतला!

‘भार कमी झाला, बरेच झाले,’ असे म्हणू नका. वळणावर मोटारीला धरून ठेवते ते टायर आणि रस्ता यांमधील घर्षण. चाक जितके जोराने दाबले जाईल, तितके हे घर्षण जास्त मिळू शकते. मग डिकीत वाळूची पोती ठेवली तर? घर्षण वाढेल, पण वस्तुमानही वाढेल आणि वळण्यासाठी लागणारे अभिकेंद्री बलही त्याच प्रमाणात वाढेल. फायदा काहीच नाही! हवेने दिलेला दाब मात्र वस्तुमान न वाढवता पकड वाढवतो.

स्पॉयलर मागच्या उतारावरून खाली वळणाऱ्या हवेच्या वाटेत उभा राहतो. हवा त्याच्यापुढे अडते, तेथील दाब वाढतो आणि उचल कमी होते. १९७२ साली पोर्शे कंपनीने ‘९११ कॅरेरा आरएस’ या मोटारीला अशी कड दिली. तिला ‘बदकाची शेपटी’ हे नाव पडले.

शर्यतीच्या मोटारीला मागे पंखच असतो. तो विमानाच्या पंखासारखा, पण उलटा. म्हणून तो मोटारीला खाली दाबतो. १९७१ साली अमेरिकेत डॅन गर्नी यांनी अशा पंखाच्या मागच्या कडेवर धातूची अरुंद पट्टी काटकोनात उभी बसवली. तेवढ्याने मागची पकड इतकी वाढली, की पुढची चाके तिच्या मानाने कमी पडू लागली! म्हणजे पुढच्या आणि मागच्या पकडीचा तोलही सांभाळावा लागतो.

हा तोल बिघडला तर काय होते? १९९८ साली ‘ऑडी टीटी’ ही गोलसर पाठीची मोटार बाजारात आली. तिला मागे स्पॉयलर नव्हता. जर्मनीत अतिवेगात वळताना किंवा एकदम बाजू बदलताना तिचे अपघात झाले. त्यांत काही माणसे दगावली. तेव्हा विकलेल्या मोटारी परत बोलावून कंपनीने त्यांना मागे स्पॉयलर बसवला. चाकांच्या स्प्रिंगांच्या रचनेतही बदल केले आणि घसरण आवरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा दिली. सुंदर आकार हवेच्या कसोटीलाही उतरावा लागतो, तो असा.

गावातल्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीला स्पॉयलरचा किती उपयोग होत असेल? वरच्याच उदाहरणातील आकडे घ्या आणि उत्तर काढून पाहा.