मारुती ८०० साठी जुने ब्रेक पार्ट घेताना

परवा नगरच्या सावेडीत पाईपलाईन रोडच्या एका गॅरेजमध्ये एक काका भंगारातून आणलेली ब्रेक डिस्क घेऊन आले. दिसायला चकचकीत, पण व्हर्निअर लावला तर पार झिजलेली.

मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्येच थांबलं. गाड्या मात्र अजून नगरभर पळतायत, म्हणून हे लिहितोय.

डिस्कवर बहुधा किमान जाडी कोरलेली असते, ड्रमवर कमाल व्यास. आकडा गंजाखाली दडलेला असतो. तारेच्या ब्रशने घासून वाचा आणि मोजा. मर्यादेजवळ आलेला माल फुकट मिळाला तरी नको.

कॅलिपर जुना चालतो, पिस्टनवर गंजाचे खड्डे नसतील तर. डावा-उजवा नीट बघा. बसवल्यावर हवा काढायचा निप्पल वरच्या बाजूला यायला हवा, नाहीतर आत हवा अडकते आणि पेडल मऊ लागतं.

रबर किट नवीनच टाका. ते पेट्रोल-डिझेलने अजिबात धुऊ नका, रबर फुगतं आणि ब्रेक जाम होतो. ब्रेक ऑइलनेच पुसा.

पॅड, लायनर, होज पाईप जुने कधीच नकोत. करंजी घाट उतरताना या पार्टवर वाचवलेले पैसे कामाला येत नाहीत.

पार्टबद्दल शंका असेल तर गाडीचं साल लिहून फोटो टाका, बघून नक्की सांगतो.